काचेवरचा तवंग

माझ्या हाताला एक खोड आहे. दिसेल ते पुसायचं. कुणाकडे गेले तरी बोलता बोलता टेबलावरून बोट फिरवते, आणि बोटाला धूळ लागली की रुमाल बाहेर आलाच. माझी लेक म्हणते, "आई, तुला देवाने पाठवलं तेव्हा हाताला फडकं चिकटवूनच पाठवलं." हसायला ठीक आहे. पण या खोडीपायी मी एकदा अशी गोत्यात आले, की दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही.

माझा नवरा कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरणं दुरुस्त करायचा. सगळे त्याला मेस्त्री म्हणत, म्हणून मीही मेस्त्रीच म्हणायला लागले. तो गेला तेव्हा लेक लहान होती. तिथल्या मोठ्या सरांनी मला बोलावलं आणि त्याच खोलीत कामाला ठेवून घेतलं. काम सोपं. उपकरणं कपाटातून काढून टेबलावर मांडायची, तास संपला की पुसून परत ठेवायची. मला तेव्हा अक्षर ओळखता येत नव्हतं. कपाटांवर चिठ्ठ्या होत्या, पण त्या माझ्यासाठी नव्हत्या. मी उपकरणांना माझी नावं ठेवली होती.

उजेडाच्या कपाटात सगळी जुनी मंडळी. तीन स्क्रूंवर उभं असलेलं पितळी स्पेक्ट्रोमीटर म्हणजे 'म्हातारी'. तिला एका बाजूला फट असलेली नळी, दुसऱ्या बाजूला दुर्बीण आणि मधे छोटं गोल टेबल. खिशात मावणारी एक नळी होती, ती नुसती डोळ्याला लावून दिव्याकडे बघायचं. ती 'चिरूट'. एका पोकळ काचेच्या लोलकात कसलंसं पातळ औषध भरलेलं असे, बूच सैल झालं की खोलीभर सडक्या कोबीचा वास. तो 'कोबी'. आणि एका चकतीवर चार लोलक एकामागे एक उभे असत, एक हलला की चारही हलायचे. ती 'मेंढरं'.

या सगळ्यांचं काम एकच, उजेडाची फोड करायची. मेस्त्रीने मला लग्नानंतर लगेच समजावलं होतं. म्हणाला, "उजेड म्हणजे एकत्र कुटुंब. बाहेरून एकच दिसतं. फटीतून आत घ्यायचं, काचेतून बाहेर काढायचं, की लाल, हिरवा, जांभळा, प्रत्येकाची चूल वेगळी."

मी म्हटलं, "आणि भांडण कोण लावतं?"

"काच," तो म्हणाला. "सासूसारखी. स्वतः काही करत नाही, नुसती मधे उभी राहते."

तर, मोठे सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या जागी मॅडम आल्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या, बोलायला फटकळ, मनाने चांगल्या. त्यांनी ठरवलं की जुनी उपकरणं कपाटात कुजण्यापेक्षा बाहेर मांडायची, लोकांना बघू द्यायची. आणि सगळ्यांत आधी मोठ्या सरांना बोलवायचं, कारण सरांची तब्येत बरी नव्हती. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं होतं. दुसऱ्याचं पुढच्या आठवड्यात होणार होतं आणि मग ते लेकीकडे दूर राहायला जाणार होते. त्यांनी मॅडमना फोनवर एकच गोष्ट मागितली होती. उरलेल्या डोळ्याला डॉक्टरांचा हात लागण्याआधी त्यांना ज्योतीत मीठ घातलं की दिसणाऱ्या त्या दोन जवळजवळच्या पिवळ्या रेघा एकदा बघायच्या होत्या. त्यांच्याच ग्रेटिंगमधून, म्हणजे उजेड फोडणाऱ्या एका काचेतून. तरुणपणी त्यांनी दोन वर्षं ती काच लावून मापं घेतली होती. गुरुवारी अकरा वाजता यायचं ठरलं.

सोमवारी मॅडमनी सगळं टेबलावर काढलं. नेहमी कुलपात असणारं एक छोटं कपाटही उघडलं आणि त्यातली तळहाताएवढी चपटी पेटी बाकीच्यांत ठेवली.

"मावशी, सगळं लख्ख करा हं. सरांना वाटलं पाहिजे कालच दुकानातून आलंय," असं म्हणाल्या, तेवढ्यात त्यांना कुणीतरी बोलवायला आलं आणि त्या गेल्या.

मी म्हातारीपासून सुरुवात केली. तिचं पितळ चकाकवलं. फटीच्या दोन्ही धारांमधे मळ बसला होता, म्हणून फट उघडून कापसाने साफ केली. मेंढरं धुतल्यासारखी झाली. मग ती चपटी पेटी घेतली. झाकणाच्या आत लाल छापाची चिठ्ठी होती. मला वाटलं, लाल अक्षरं शोभेला असतात. त्यावर 'काचेस स्पर्श करू नये' असं लिहिलेलं आहे, हे मला पाच वर्षांनी, अक्षरं शिकल्यावर वाचता आलं.

आत मखमलीत पितळी चौकट आणि चौकटीत काडेपेटीएवढी काच. खिडकीपाशी नेऊन बघते तर काचेवर तवंग! पाण्यावर रॉकेल सांडलं की दिसतो तसा हिरवा, तांबडा, जांभळा. म्हटलं, हे काय, कुणाची तेलकट बोटं लागली की काय. मलमल घेतली, स्पिरिटात बुडवली आणि पुसलं. तवंग तसाच. काच जरा कलती केली तर तो या कडेवरून त्या कडेवर पळाला. मी इकडून पुसावं तर तो तिकडे. मला चेव आला. काचेची दुसरी बाजू पुसली. परत पहिली पुसली. चार वेळा दोन्ही बाजूंनी पुसलं, बोटाने दाबून. मेस्त्रीची बायको आजवर कुठल्या डागाला हरली नव्हती, या डागाला हरले. पेटी बंद करून ठेवून दिली.

मंगळवारी मॅडमनी काही विद्यार्थ्यांना टेबलापाशी आणलं. मी कोपऱ्यात मिठाचं पाणी तयार करत होते. मॅडमनी ती पेटी उघडली, काचेला हात न लावता वरून दाखवली.

"या काचेवर काय दिसतंय?"

"इंद्रधनुष्याचे रंग," एक मुलगी म्हणाली.

"काचेवर हिऱ्याच्या टोकाने रेघा ओढलेल्या आहेत. इंचभर जागेत चौदा हजारांवर. म्हणून ती उजेड फोडते आणि हे रंग दिसतात. एक काच करायला यंत्राला कित्येक दिवस लागायचे, आणि त्या खोलीत माणूस पाऊल ठेवत नसे. अंगाच्या उबेनेसुद्धा रेघ सरकायची."

"धूळ बसली तर काय करतात?"

"काही नाही. फार तर फुंकर मारायची. हिला पुसायचं नसतं. मऊ कापसाने पुसलं तरी रेघा मेल्या. ही जन्मात एकदाही पुसलेली नाही."

मी मिठाचं पाणी खाली ठेवलं. तो तवंग नव्हता. तेच त्या काचेचं काम होतं, आणि मी ते चार वेळा स्पिरिटाने घासलं होतं.

विद्यार्थी गेल्यावर मी मॅडमजवळ गेले. सांगायलाच गेले होते. तोंडातून भलतंच आलं. "मॅडम, समजा, एखाद्याने ती काच पुसलीच, तर दुसरी मिळते का हो?"

"कुठून मिळणार? ते यंत्र भंगारात जाऊन जमाना झाला." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "का हो मावशी?"

"सहजच," मी म्हटलं.

एक 'सहजच' किती जड असतं ते मला त्या दिवशी कळलं. ज्या माणसाने माझ्या घरची चूल विझू दिली नाही, त्याच्या डोळ्यांची शेवटची इच्छा मी फडक्याने पुसून टाकली होती. बुधवारी मी तीनदा पेटी उघडली. रंग दिसत होते. पण रंग तर रॉकेलातही दिसतात. त्या रेघा जिवंत आहेत की मेल्या, ते मला काय समजणार?

घरी लेकीने ताट समोर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "काय पुसलंस?"

"तुला कसं कळलं?"

"तुझं तोंड बघून. मागच्या वेळी शेजारच्या काकांच्या भिंतीवरची त्यांच्या पोरीने काढलेली चित्रं पुसलीस, तेव्हा अस्संच तोंड होतं."

मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. तेव्हाच मला समजलं की प्रकरण गंभीर आहे.

"सांगून टाक," ती म्हणाली. "डाग लपवला की पसरतो, हे मला कुणी शिकवलं?"

आपलंच शहाणपण आपल्याला कुणी परत दिलं की फार बोचतं. पण खोटं नव्हतं ते.

गुरुवारी मी लवकर गेले. सर यायच्या आधी मॅडमना गाठायचं, असं ठरवलं होतं. खोलीत पाऊल टाकते तर खुर्चीवर सर! काठी टेबलाला टेकवलेली, मान जरा तिरकी, एका डोळ्याने बघायची सवय झालेली. मॅडम अजून आलेल्या नव्हत्या.

"या मेस्त्रीणबाई," सर म्हणाले. ते मला पहिल्यापासून असंच म्हणत. "अजून पुसणं चालूच आहे का?"

ते आपले गमतीने म्हणाले. मी समोरच्या स्टुलावर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. लाल चिठ्ठी, तवंग, मलमल, स्पिरिट.

सर पुढे झुकले. मग विचारलं, "किती वेळा?"

"चार."

"एका बाजूने?"

"दोन्ही."

"जोरात?"

"तवा घासतात तसं नाही. पण ताट पुसतात तसं."

त्यांनी चष्मा काढला, परत घातला. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. दारात मॅडम उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"मावशी! तो तुमचा 'सहजच' हा होता का?"

"हो."

"अहो, निदान त्याच दिवशी सांगायचं तरी..."

"राहू द्या," सर म्हणाले. "मी इतक्या लांब आलोय. बघून तर घेऊ काय उरलंय ते. पडदे ओढा."

खिडक्यांना जाड काळे पडदे होते. भर सकाळी खोलीत अंधार झाला. मॅडमनी म्हातारीच्या मधल्या टेबलावर ती काच उभी केली, कडांना धरून, श्वास रोखून. मी बर्नर पेटवला आणि तारेचं कडं मिठाच्या पाण्यात बुडवून ज्योतीत धरलं. निळी ज्योत पिवळी झाली. ते काम माझं. वीस वर्षं मीच मीठ घालत आले होते.

सर दुर्बिणीला डोळा लावून बसले. ती हळूहळू बाजूला सरकवत राहिले.

"पिवळी रेघ पहिल्यांदा दिसली," ते म्हणाले. "पुढे जातो. दुसऱ्यांदा दिसते तिथे दोन्ही रेघा एकमेकींपासून जास्त लांब असतात." दुर्बीण आणखी सरकली. मग थांबली.

"सर?" मॅडमनी विचारलं.

"एकच आहे."

त्यांनी मान मागे घेतली. सरच म्हणाले, "माझा डोळाही असेल. तुम्ही बघा."

मॅडम वाकल्या. "एकच आहे, सर. जाड, पसरलेली."

संपलं, मी मनात म्हटलं. माझ्या हातातलं कडं खाली आलं आणि ज्योत परत निळी झाली. नजर खाली गेली ती नेमकी म्हातारीच्या नळीच्या तोंडाकडे. फटीतून ज्योतीचा उजेड आत शिरत होता आणि ती फट तांदळाच्या दाण्याएवढी रुंद होती. सोमवारी धारा साफ करायला मीच उघडली होती. नंतर या काचेच्या पायी माझं डोकं फिरलं आणि फट मिटायची राहूनच गेली.

"थांबा," मी म्हटलं. "फट उघडी राहिलीय. एवढ्या मोठ्या दारातून सगळे गर्दी करूनच आत येणार."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "मी तपासलीच नाही!"

"सर, तुम्ही बघत राहा. मी मिटते."

मॅडमनी मीठ धरलं. मी फटीचा बारीक स्क्रू दोन बोटांत धरला आणि केसाकेसाने फिरवायला लागले. मेस्त्री म्हणायचा, हा स्क्रू हाताने नाही, श्वासाने फिरवायचा.

"बारीक झाली," सर म्हणाले. "आणखी. आणखी जरा. थांबा."

मी थांबले.

"उलटं एक केसभर... बस."

मी स्क्रूवरची बोटं काढली. ज्योतीचा फुरफुर आवाज तेवढा. सरांचे खांदे हलले आणि मला वाटलं त्यांना काही होतंय.

"दोन," सर म्हणाले. "दोन आहेत. स्वच्छ दोन."

माझे डोळे भरून आले आणि बाहीने पुसायचं, एवढंही सुचलं नाही. मॅडमनी बघितलं आणि "अहो, दोन आहेत!" असं इतक्या जोरात म्हणाल्या की बाहेरून जाणारा कुणीतरी दार उघडून डोकावला. त्याला आम्ही तिघांनी एकदम हाकललं.

"मेस्त्रीणबाई, तुम्ही बघा," सर म्हणाले.

इतकी वर्षं मीठ घातलं, पण या काचेतून कधी बघितलं नव्हतं. डोळा लावला. काळोखात दोन पिवळे धागे, ताणून बांधल्यासारखे सरळ, आणि मधे अगदी बारीक काळी फट. सारख्या उंचीच्या, सारख्या कपड्यांतल्या दोन बहिणी. एकीने दुसरीचा हात सोडला आहे, पण लांब गेलेली नाही.

"पण हे झालं कसं?" मॅडम म्हणाल्या. पडदे उघडून त्यांनी भिंग आणलं आणि काच कडेने निरखायला लागल्या. "सर, ही एक काच नाहीये. दोन आहेत. रेघांच्या बाजूवर दुसरी पातळ काच बसवलीय. चौकटीच्या आत, कळू नये अशी. कोपऱ्यांत काहीतरी लाल लावलंय. मावशींचं फडकं रेघांपर्यंत पोचलंच नाही."

"मी कधी बसवली नाही," सर म्हणाले. "कागदोपत्रीही कुठे नाही."

"बघू," मी म्हटलं. भिंगातून चार कोपऱ्यांत चार थेंब दिसले. लाल, जरा तपकिरीकडे झुकणारे, मसुरीच्या दाण्याएवढे. ती लाख मला ओळखीची होती.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी मेस्त्रीचा डबा घेऊन या खोलीत यायची. एक दिवस तो जेवत होता आणि मी इकडेतिकडे बघत होते. दुर्बिणीच्या भिंगावर धूळ दिसली. बाहीने पुसली. मागे वळते तर मेस्त्री घास हातात धरून माझ्याकडे बघतोय. रागावला नाही. नुसता हसला आणि जेवायला लागला. पण त्याच आठवड्यात तो संध्याकाळी घरी लाखेची कांडी घेऊन आला आणि माझ्या चांगल्या पळीत, माझ्या चुलीवर, ती वितळवली. पळी कायमची लाल झाली. मी घर डोक्यावर घेतलं होतं. पुढे कित्येक वर्षं ती पळी दिसली की विचारायची, "कुठल्या राजाचं पत्र बंद करायला बसला होतात हो?" आणि तो दरवेळी एकच उत्तर द्यायचा, "घरातली एक आपत्ती बंद करत होतो." मला वाटायचं, उगाच काहीतरी बोलतो.

मी हे सांगितलं तेव्हा सर आधी ऐकत राहिले, मग एकदम आठवल्यासारखे ताठ बसले. "एकदा त्याने ती चौकट एका रात्रीपुरती मागून नेली होती! म्हणाला, साहेब, स्क्रू ढिला झालाय. दुसऱ्या दिवशी आणून दिली. मी विचारलं, बसला का स्क्रू? तर म्हणाला, 'आता कुणीही येऊ दे.'"

"लबाड," मी म्हटलं.

सर हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागले आणि मॅडमनी त्यांना घाईघाईने स्वच्छ रुमाल दिला, डॉक्टरांनी डोळ्याला बोटसुद्धा लावू नका असं सांगितलं होतं म्हणून. मग त्या माझ्याकडे वळल्या. "मावशी, मेस्त्रींनी तुम्हाला ओळखलं होतं, मी नाही ओळखलं. चूक माझी. पण यापुढे काही पुसलं तर 'सहजच' म्हणायचं नाही. त्याच दिवशी सांगायचं."

"सांगेन," मी म्हटलं. "रोज सांगायला लागेल पण."

सरांनी परत पडदे ओढायला लावले. त्या दिवशी ते दीड तास बसले. मधेच ज्योत निळी झाली की "मीठ!" म्हणायचे आणि मी कडं बुडवायची. शेवटी उठताना त्यांनी पेटीचं झाकण स्वतः लावलं. पुढच्या आठवड्यात त्यांचं ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं. लेकीच्या घरून त्यांनी फोन केला, तेव्हा नमस्कार-चमत्कारही न करता विचारलं, "फट मिटलीत ना?"

गुरुवारी घरी गेले तेव्हा मी पोटभर जेवले. लेकीने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "तुझ्या बाबांनी वाचवलं." तिला वाटलं मी देवाधर्माचं काही बोलतेय. मग फडताळातून ती लाल पळी काढून तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं.

तिने ती उलटसुलट करून बघितली. "दे इकडे, गरम पाण्यात टाकून बघते. निघेल कदाचित."

"खबरदार," मी म्हटलं. "पुसायची नाही."